नागमोडी टाक्याचं मशीन

४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोनदा "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते आहे. यात तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

गेल्या सोमवारी पायाचं प्लास्टर निघालं. जिन्यावरून पडले त्याला तीन महिने झाले. हाड जुळलंय, पण गुडघ्यात पट्टी बसवलीय ती कायमची. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिनासुद्धा चढा, पण पायमशीन विसरा. वीस वर्षं माझ्या पायाखाली हललेल्या त्या पायडलवर आता मांजर झोपतं. आता घरी बसून काय करणार, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. मी सांगितलं, शिवणार.

प्लास्टरच्या दिवसांत सगळ्यात मोठं दुखणं पायाचं नव्हतं, कपड्यांचं होतं. एकही पायजमा प्लास्टरवरून चढेना. शेवटी हे कात्री घेऊन आले आणि माझा चांगला पायजमा मांडीपर्यंत उभा कापून ठेवला. रंगाऱ्याचा हात तो, भिंतीवर सरळ चालतो, कापडावर नाही. त्या चिंधीत मी दवाखान्यात व्यायामाला जायचे. तिथे माझ्यासारखे आणखी दहा-पंधराजण, कुणी चादर गुंडाळून, कुणी नातवाची हाफ पँट घालून. एका निवृत्त पोस्टमनना तर चादर सावरावी की कुबडी, हेच कळत नसे. मग मी बसल्या बसल्या हाताने एक पायजमा शिवला. कापड बनियनसारखं ताणाचं, दोन्ही बाजू कमरेपासून घोट्यापर्यंत उघडणाऱ्या आणि कडेला ती करकर करत सुटणारी वेल्क्रोची पट्टी. झोपल्या झोपल्या घालता येतो. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, असे वीस द्या, पंधरा जुलैच्या आत, दवाखाना विकत घेईल. नाही जमलं तर ते तयार कपडेवाल्याकडून काहीतरी मागवतील.

हाताने वीस शिवायचे तर पुढचा जन्मही घ्यावा लागेल. मशीन हवं. ताणाचं कापड साध्या टाक्याने शिवलं की ओढल्याबरोबर दोरा तटकन तुटतो, म्हणून नागमोडी टाका हवा. विजेवर चालणारं हवं. वेल्क्रोतून सुई जायला हवी. आणि हे सगळं माझ्या शिवणाच्या साठवलेल्या पैशात बसायला हवं. यांना दुकानातलं एक दोनशे नक्ष्यांचं, पडद्यावर फुलं दाखवणारं मशीन आवडलंय. हप्त्यांवर घेऊ म्हणतात. मी सांगितलं, ज्याचे हप्ते फेडायला दिवसभर शिवावं लागेल ते मशीन माझं नव्हे, मी त्याची होईन.

तुम्ही चाळीस वर्षं मशीनं उघडलीत. काय घेऊ ते सांगा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो लवकर आलेल्या उत्तरात दिसू दे.

तुमची,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पाय सुटला हे वाचून तुझ्या मामीने दोनदा डोळे पुसले. लहानपणी तू एका जागी बसावीस म्हणून तुला लाडू दाखवावा लागे, आणि तू तीन महिने खाटेवर काढलेस. आता हळू चाल.

मशीनचं ऐक. नवऱ्याला सांग, दोनशे नक्ष्यांतल्या एकशे शहाण्णव कुणी कधी शिवत नाही. शिवणारी बाई चार टाक्यांत जन्म काढते. फुलं हवी असतील तर बागेत जा म्हणावं.

तुझं जुनं मशीन मी तुझ्या लग्नात स्वतः जुळवून दिलंय. एकेक भाग पारखून घेतला होता. त्याला मोटर बसव. खर्च थोडा, आणि मोटरचं पायबटण डाव्या पायाखाली ठेवलं की उजव्याला त्रास नाही. नागमोडी टाक्याचं मग बघू. मी रविवारी मोटर घेऊन येतो आणि बसवून देतो.

तरी तू दुकानं पालथी घालणारच, मला माहीत आहे. तेव्हा एवढं कर. दुकानदाराच्या कापडावर मशीन तपासू नकोस. तो खळ घातलेला कडक तुकडा ठेवतो, त्यावर खुळखुळासुद्धा शिवेल. आपलं कापड, आपला दोरा, आपली वेल्क्रो पिशवीतून ने. आधी वीज बंद ठेवून चाक हाताने फिरव. दुधात चमचा फिरावा तसं फिरलं पाहिजे. जिथे अडखळेल तिथे दुखणं. मग चार पदर कापड घालून अगदी हळू चालव. पळवलं तर कुठलंही मशीन पळतं. हळू चालताना जे धापा टाकत नाही ते खरं. आणि ज्याची बॉबिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही ते फुकट दिलं तरी घेऊ नये.

रविवारी येतोच. जावईबापूंना सांग, कात्रीला हात लावू नका. आशीर्वाद द्यायला मला निमित्त लागत नाही, ते तुझ्यापाशी आहेतच.

तुझा,
मामा


१९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवार आला आणि गेला. स्वयंपाक चौघांचा केला होता, तो दोघांनी दोन दिवस खाऊन संपवला. तुमचा फोन लागेना. तब्येत बरी आहे ना, एवढं आधी कळवा.

मंगळवारी मी निघाले. आधी पिशवी, मग काठी, मग हे, अशी आमची वरात. मोठ्या दुकानात टाय लावलेल्या विक्रेत्याने ते फुलांचं मशीन दाखवलं. एका मिनिटात त्याने कडक कापडावर गुलाब काढला. हे पाघळले. मी वीज बंद करायला सांगितली तेव्हा विक्रेता म्हणाला की असं कुणी करत नाही. मी म्हटलं, मी करते. मग वेल्क्रो ठेवली. मशीनने दोन टाके घातले, तिसऱ्याला गुरगुरलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. विक्रेता म्हणाला, हे या मशीनचं काम नाही. मग कशाचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, फुलांचं. त्या दिवसापासून यांनी फुलांचं नाव काढलेलं नाही.

दुसऱ्या दुकानात एक लहानसं, हलकं मशीन होतं. किंमत झेपणारी. ताणाच्या कापडावर नागमोडी टाका छान पडला आणि मला वाटलं, जमलं. मग चार पदर घातले. मशीन टेबलावरून स्वतःच चालायला लागलं. माझ्यापेक्षा बरं चालत होतं.

तिसरी गोष्ट मात्र नीट वाचा. बाजारामागच्या गल्लीत एका बाईंचा शिवणवर्ग होता. त्यांनी तो बंद केला, मुलाकडे राहायला चालल्यात. पाच मशीनं होती, चार गेली. मी बावीस पायऱ्या चढून वर गेले. खोलीत भिंतीवर अजून खडूने काढलेलं बाहीचं माप होतं आणि खिडकीपाशी पाचवं मशीन. विजेचं, आतून लोखंडी, नागमोडी टाक्याचं, उचलायला दोन माणसं लागतील असं. चाक दुधातल्या चमच्यासारखं फिरलं. वेल्क्रो ठेवली तर सुई विचारल्याशिवाय आरपार. सरळ टाका बघून तर मला बसायलाच लागलं. पण नागमोडी टाका लावला की सुई डावीकडे जाते तेव्हा टाका सुटतो. उजवीकडे पकडतो, डावीकडे सुटतो. बाईंनी काही लपवलं नाही. दोन दुरुस्तीवाल्यांनी हे भंगारात द्या म्हणून सांगितलंय, असं म्हणाल्या. तीस तारखेला खोली रिकामी करायची आहे आणि भंगारवाला वजनावर न्यायला येणार आहे. त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले तर मला देतील. वीस वर्षं मुलींना शिकवलेलं मशीन कुणीतरी चालवावं, एवढीच त्यांची इच्छा.

मामा, तुम्ही एकदा येऊन त्याचा आवाज ऐका. तुम्ही हो म्हणालात तर घेते. मोटर बसवलेल्या जुन्या मशीनवर माझे पायजमे होणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. मामींना नमस्कार. माया आहे तशी असू द्या, आणि तिला गाडीत बसवून इकडे आणा.

तुमची,
भिंगरी


२२ जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तब्येत उत्तम आहे. दुकानात काम तुंबलंय, सध्या निघणं जमणार नाही.

वर्गातलं मशीन घेऊ नकोस. दोघांनी बघून टाकलेलं दुखणं आपण कशाला गळ्यात बांधून घ्यायचं. मोटर बसवणारा तुझ्या गावातही कुणी मिळेल, त्याच्याकडून जुन्याला बसवून घे. पायजम्याचं काम दुसऱ्या कुणाला जाऊ दे. पाय सांभाळ. बाकी सगळं आशीर्वादावर सोड.

मामा


२३ जून

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांना ठाऊक नाही. कालचं पत्र त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, तशी त्यांची सगळीच पत्रं आता मीच लिहिते. पण काल जे खोटं लिहिलं ते मनाला लागलं, म्हणून हे लिहिते आहे.

दुकानात काम तुंबलेलं नाही. दुकान बंद करून आठ महिने झाले. त्यांचे हात थरथरतात. आधी फक्त उजवा, आता दोन्ही. एकदा गिऱ्हाइकासमोर स्क्रू तीनदा हातातून पडला. चौथ्यांदा गिऱ्हाइकानेच उचलून बसवला आणि वर आभार मानले. त्या दिवशी हे घरी आले आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली. डॉक्टरकडे चला म्हटलं की वर्तमानपत्र उघडतात.

तुझ्याकडे यायच्या रविवारी ते पहाटेच उठले होते. मोटर आणून ठेवली होती. निघायच्या आधी म्हणाले, एकदा घरच्या मशीनला बसवून बघतो, सरावासाठी. तासाभराने येऊन त्यांनी बाहेरचे कपडे काढून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मोटर फरशीवर तशीच पडली होती.

तू लग्नाआधी सुट्टीत यायचीस तेव्हा त्यांच्या बाकाशेजारी बसून त्यांना स्क्रू देत असायचीस. जगाला कळलं तरी चालेल, तुला कळू नये असं त्यांना वाटतं. मशीन वाईट आहे म्हणून ते नको म्हणाले असं समजू नकोस. तुझं मागचं पत्र त्यांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतलंय, डावीकडे टाका सुटतो तिथपर्यंत. मग म्हणायचे, थांब, आणि छताकडे बघत बसायचे.

काय करायचं ते तू ठरव. माझं नाव आलं तरी हरकत नाही, मला बोलणी खायची सवय आहे. जीव लावतेस तशीच लाव.

तुझी,
मामी


२६ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. मामींना एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं असेल तर माझ्याशी, आणि तेही मशीन दुरुस्त झाल्यावर.

होय, मशीन मी काल घेतलं. तुम्ही नको म्हणालात, तेव्हा मी परत त्या बावीस पायऱ्या चढले आणि बाईंना विचारलं की त्या दोन दुरुस्तीवाल्यांनी नक्की काय केलं. एकाने तेल घातलं. दुसऱ्याने बाहेरून पुसून, दोन फेरे फिरवून मान हलवली. उघडून कुणीच पाहिलेलं नाही. जे कुणी उघडलंच नाही ते भंगार कसं ठरतं? तुम्हीच म्हणायचा ना, रोग्याला हात न लावता औषध देणारा वैद्य नको. पैसे दिले, पावती घेतली. हे आणि त्यांचा एक जोडीदार रंगाच्या शिडीला दोर बांधून मशीन खाली घेऊन आले. सांगते ते ऐका, शिडीवर मशीन आणि मागे काठी टेकत मी, लोक रस्त्यात थांबून बघत होते.

तुमच्या हातांचं वाचून मी रडले. ते कशाला लपवू. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि विचार केला. मला तुमचे हात नकोतच. माझे दोन आहेत, चांगले धडधाकट. मला एक गुडघा कमी, तुम्हाला हात कमी. दोघांचं मिळून एक अख्खं माणूस होतं आणि वर एक डोकं शिल्लक राहतं, तेही तुमचं. तुम्ही सांगा, मी स्क्रू फिरवते. इतकी वर्षं स्क्रू मी दिले आणि तुम्ही बसवलेत. आता उलट.

डावीकडे टाका का सुटतो आणि काय करायचं, ते एकेक पायरी लिहून पाठवा. पंधरा तारीख मी सोडणार नाही. राग आला असेल तर येऊ द्या, पण पत्र घाला. रागासकट लोभ चालेल.

तुमची,
भिंगरी


३० जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या मामीशी मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुला उत्तर लिहून घ्यायचं होतं, तेव्हा बोलावंच लागलं.

घेऊ नको म्हटलं आणि घेतलंस. झालं ते झालं. आता मी सांगतो त्याच्या पुढे एक पाऊल टाकू नकोस.

वायर भिंतीतून काढून ठेव. नवी सुई घाल, होजिअरीची, बोथट टोकाची. निम्मे रोग सुईचेच असतात. तरीही टाका सुटला तर दोष शटलच्या, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या आकड्याच्या, वेळेचा. सुई खाली दोऱ्याचा फास करते आणि शटलचं टोक येऊन तो फास उचलतं, तेव्हा टाका होतो. तुझं शटल डावीकडे उशिरा पोचतंय, गाडी सुटल्यावर फलाटावर आलेल्या पाहुण्यासारखं.

खालचं झाकण उघड. निघेल तो स्क्रू निघेल त्या क्रमाने ताटात मांड. सुई डावीकडे घे आणि चाक आपल्याकडे फिरव. सुई तळाला जाऊन पाऊण सूत, म्हणजे जेमतेम इंचाचा दहावा भाग, वर आली की थांब. त्या घटकेला शटलचं टोक सुईच्या मागे, भोकाच्या जरासं वर दिसलं पाहिजे. तुझं मागे राहिलेलं दिसेल. दांड्यावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल कर, जास्त नको. शटल केसभर पुढे घे, आवळ, चाक हाताने फिरवून बघ. नाही जमलं तर पुन्हा. घाईने आवळलेला स्क्रू दुसऱ्या दिवशी तोंड काळं करतो.

(तुझे मामा हे सांगताना उभे राहून हवेत चाक फिरवत होते. आठ महिन्यांत एवढं सलग बोलले नव्हते. – मामी)

चिडलीस तर उठून पाणी पी, मशीनला मारू नकोस. आशीर्वाद पाठवतो आहे, पण ते स्क्रू फिरवणार नाहीत, तो तुलाच फिरवायचा आहे.

मामा


१८ जुलै

ती. मामा आणि मामी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही न कळवता दारात उभे राहिलात, त्याच्या आधीचे तीन दिवस मी तुम्हाला सांगितलेच नाहीत. मामांचं पत्र समोर ठेवून मी पाच वेळा शटल हलवलं. दोनदा तर सरळ टाकाही बिघडला. चौथ्या वेळी मी हातातला पाना फेकला, तो यांच्या रंगाच्या डब्यात पडला. तुम्ही आलात त्या सकाळी मी भंगारवाल्याचा पत्ता काढून ठेवला होता. तो कागद मामांनी बघितला आणि पान्याखाली पसरायला घेतला.

मामा, तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसलात आणि मला नुसतं चाक फिरवायला सांगितलंत. मग म्हणालात की मी दर वेळी सुई अगदी तळाला असतानाच थांबते, वर येण्याचं माप घेतच नाही. मी म्हटलं, अंदाजाने घेते. तुम्ही म्हणालात, अंदाजाने भाजीत मीठ घालतात. पोस्टकार्डाची पाऊण सूत रुंद पट्टी कापून ती सुईच्या दांड्याशी धरायला लावलीत. तरी दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चाक फिरवलं तेव्हा डोळे न उघडताच तुम्ही सांगितलंत की आता पकडला. मी कापड ओढून बघितलं. डावीकडे, उजवीकडे, सगळे टाके जागच्या जागी. त्यावर तुम्ही एवढंच विचारलंत की जेवायला काय आहे.

पुढची हकिकत अशी. चौदा तारखेला वीसच्या वीस पायजमे दवाखान्यात पोचवले. व्यायामाच्या बाईंनी प्रत्येकाची पट्टी दहादा उघडून लावून बघितली. मी शेजारी बसून मोजत होते. एकही टाका उसवला नाही. एका तरुण मुलीने पहिला घातला, एकटीने, पडद्याआड. बाहेर आली ती कुणाचा हात न धरता. तिची आई बाहेर मदतीला म्हणून ताटकळत उभी होती, तिला काय करावं ते सुचेना. बाईंनी आणखी चाळीस सांगितलेत आणि हातमोडक्यांसाठी सदरे होतील का, असंही विचारलंय. होतील म्हणाले. आधी हो म्हणायचं, मग शिकायचं.

सोबतच्या पुडक्यात एक सदरा आहे. त्या दिवशी तुम्ही निघताना मामी दारात मामांची बटणं लावत होत्या आणि मामा छताकडे बघत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं, पण बघितलं. सदऱ्याला बटणं आहेत, पण ती नुसती वरून टाचलेली. खाली काय आहे ते मामांना सांगायला नको. दवाखान्याला नमुना दाखवायचाय, म्हणून आधी मामांनी वापरून कळवायचं. चुका सांगा. कौतुक नको, ते मामींकडून घेईन. दोघांनी मला असंच धारेवर धरत राहा.

तुमची,
भिंगरी


२७ जुलै

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

सदरा मिळाला. चुका विचारल्यास म्हणून सांगतो. कॉलरखालची पट्टी एक सूत तिरकी आहे. कापड तिथे ताणलं गेलंय, तेव्हा दाबाचा स्क्रू थोडा सैल कर. बगलेत दुहेरी शिवण घाल, हात वर केला की तिथेच ओढ बसते. वेल्क्रोचा खरखरीत भाग आतल्या बाजूला घेतलास, तो बाहेरच्या बाजूला घे, अंगाला टोचतो. बाकी शिवण स्वच्छ आहे. मशीन चांगलं घेतलंस. तेल दर शनिवारी, तीन थेंब, चौथा नाही.

मंगळवारी डॉक्टरकडे जाऊन आलो. तुझ्या मामीने याला भिंगरीचा विजय असं नाव दिलंय. मी म्हटलं, सदरा अंगावर होता, कुठेतरी जायलाच हवं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. थरथर पुरती जाणार नाही, पण कमी होईल म्हणाले. बघू.

त्या सकाळी सदरा मी स्वतः घातला. खालून वर, पाचही जागा. रोजच्यासारखी मामी समोर येऊन हात पुढे करून उभी राहिली. मी तिला म्हटलं, झालंय, तू जा, चहा घे. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नऊ महिन्यांनी पहिल्यांदा सकाळचा चहा गरम असताना प्यायली.

(हे खरं आहे. – मामी)

आणखी दोन सदरे शिव, एक निळा. त्यांचे पैसे घ्यायचे, नाहीतर मी घालणार नाही. पत्र पाठवत राहा, चुका करत राहा, मी आहे.

तुझा,
मामा